कितवीत आहेस?

पत्र थोडक्यात असं आहे. ठाण्यात नौपाड्याला छोटा नेल स्टुडिओ चालवणाऱ्या एका ताईंनी ते लिहिलंय. तीन टेबलं, हाताखाली दोन मुली, पतपेढीचं कर्ज अजून फिटायचंय. दिवाळी पहाटेसाठी नखं करून घ्यायला चार मैत्रिणी आल्या. एकीनं वय सोळा सांगितलं. ताई सामान आणायला बाहेर गेल्या होत्या. कामावरच्या मुलीनं ॲक्रिलिकच्या कृत्रिम नखांचा पूर्ण सेट लावून दिला आणि १,५०० रुपये रोख घेतले. दोन दिवसांनी त्या मुलीची आई आली आणि चार गिऱ्हाइकांसमोर वाट्टेल ते बोलून गेली. मुलगी तेरा वर्षांची, आठवीतली. तेव्हापासून ताई लहान मुलींना नाही म्हणू लागल्या. आठवडाही झाला नाही तोच दुसरी आई बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली आणि नकार ऐकून चिडली, "मी आई आहे ना समोर? पैसे मी देतेय. तुम्ही कोण ठरवणार?"

ताई विचारतात, "आई सोबत असेल तर काय हरकत आहे? मी नाही म्हटलं तर पुढच्या गल्लीत करतील, नुकसान माझंच. आणि शेवटी नखंच आहेत, मेंदीसारखी. उतरली की झालं. वयाची अट मला कुठे लिहिलेली सापडली नाही. मी रेघ ओढू तरी कुठे?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात दोन आया बोलतात, कामावरची मुलगी बोलते, तुम्ही तर बोलताच. ज्या दोघींच्या नखांवरून हे सगळं चाललंय, त्या मात्र कुठेच बोलत नाहीत. एकीनं फक्त वय सांगितलं, तेही तीन वर्षं वाढवून. म्हणून मी त्यांच्यापासून सुरुवात करते.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतली एक मुलगी, तीही आठवीतलीच, मावसबहिणीच्या लग्नात अशी नखं लावून आली. लग्नाचे दोन दिवस मजेत गेले. सोमवारी शाळेत बाईंनी हात बघितले आणि सांगितलं, "उद्या काढून ये." जिथे लावली तिथे काढायचे पैसे वेगळे होते, आणि घरी मागायची सोय नव्हती, कारण आईचा आधीपासूनच विरोध होता. मंगळवारी मधल्या सुट्टीत तिनं कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं, त्याचं टोक नखाच्या कडेखाली सारलं आणि उचकटलं. एकेक करत सहा नखं. संध्याकाळी तिच्या आईनं बोलावलं तेव्हा मी ते हात बघितले. नखांवर पांढरे चट्टे, मधोमध पापुद्रे निघालेले, दाबलं तर नख कागदासारखं वाकायचं. एका बोटाला मुळाशी रक्त साकळलं होतं. वरणभातावर पिळलेलं लिंबू झोंबायला लागलं, तेव्हा डाव्या हातात चमचा धरून जेवली. पुढे कितीतरी आठवडे ती डब्याचं झाकण उघडायला मैत्रिणीकडे द्यायची.

नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला सहा महिने तरी जातात. दिवाळीत खरवडलेलं नख अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पुरतं बदलतं. त्यातून लहान वयात नख मुळात पातळ. मोठ्या बाईचं नख फाइलनं जितकं घासलेलं चालतं, तितकं हे नख घासलं तर खाली उरतंच किती? हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी लिहिते, कारण "उतरली की झालं" हे वाक्य तुमच्याच पत्रात आहे.

तरीही नख परत येतं. माझी खरी काळजी वेगळी आहे. ॲक्रिलिक घ्या की जेल, दोन्हीत ॲक्रिलेट कुळातली रसायनं असतात. ती नीट घट्ट झाली की फारसा त्रास देत नाहीत. ओली किंवा अर्धवट पक्की असताना कातडीला लागली, की प्रश्न सुरू होतो. जेल पक्कं करायच्या दिव्याखाली कमी वेळ धरलेला हात, त्या जेलला न जुळणारा दिवा, क्युटिकलवर म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर ओघळलेला थेंब, एवढंही पुरतं. शरीरानं एकदा या रसायनाशी वैर धरलं की ती ॲलर्जी बहुधा जन्मभर सुटत नाही. बोटांची टोकं फुटतात, खाज सुटते, आणि हात डोळ्यांना लागतच असतो म्हणून पापण्यांवरही पुरळ उठतं. अमेरिकेतल्या त्वचेच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१२ साली 'वर्षाचं ॲलर्जन' म्हणून ॲक्रिलेटचीच निवड केली होती. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये लोकांना याच कारणासाठी सावध केलं. युरोपात याच कुळातला 'हेमा' हा घटक असलेल्या नखांच्या उत्पादनांवर 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' असं छापावं लागतं. जेल पक्कं करायला वापरला जाणारा टीपीओ नावाचा घटक तर तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच झाला. तुमच्या कपाटातल्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं एकदा भिंगाखाली वाचा.

याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये असतात, गुडघा किंवा खुबा बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्ये असतात, मधुमेहींनी दंडाला लावायच्या काही सेन्सरच्या चिकटपट्टीतही असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीपुढे दवाखान्यांची साठ-सत्तर वर्षं पडली आहेत. जितक्या लवकर सुरुवात, तितके सेट जास्त, तितके कातडीला लागण्याचे प्रसंग जास्त. माझा सगळा आक्षेप मुख्यतः यावर उभा आहे. लांब नखं शोभतात की नाही, मुलीच्या जातीला ती बरी दिसतात की नाही, यावर मी एक अक्षरही बोलणार नाही, आणि तुम्हीही गिऱ्हाइकाशी त्यावर बोलू नये असं मला वाटतं.

तुम्ही मेंदीचं उदाहरण दिलंत, तर तेच पुढे नेते. पाट्यावर वाटलेल्या हिरव्या पाल्याची मेंदी आठवा, आणि लग्नाच्या हॉलबाहेर कोनातून काढतात ती काळीकुट्ट मेंदी आठवा. त्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. लहानपणी हातावर ती काढलेल्या काही मुलांना त्याची ॲलर्जी जडते आणि मोठेपणी पहिल्यांदा केसांना डाय लावल्यावर डोकं-चेहरा सुजतो. तुमची तुलना बरोबर आहे, फक्त ती या दुसऱ्या मेंदीशी जुळते.

कुणी म्हणेल, आपण तान्ह्या बाळाचे कान टोचतो तेव्हा कुठे त्याला विचारतो? प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. कान एकदा टोचला, भरून आला, विषय संपला. नखांचं तसं नाही. दोन-तीन आठवड्यांत मुळाशी फट दिसायला लागते, ती पुन्हा भरून घ्यावी लागते, म्हणजेच रिफिल. रिफिल टाळून काढून टाकावीत, तर खालचं नख इतकं उतरलेलं दिसतं की ते झाकायला पुन्हा सेट. मोठी बाई स्वतःच्या पगारातून या फेऱ्यात शिरते आणि हवं तेव्हा बाहेर पडते. आठवीतल्या मुलीकडे पगार नसतो. तिच्याकडे कर्कटक असतं.

आता आईचा होकार. तो लागतोच, पण तेवढ्यानं भागत नाही. एखादी आई मेडिकलच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "मुलाला लवकर बरं वाटायला हवंय, मोठ्यांची गोळी द्या, मी आई आहे," तर दुकानदार देतो का? आईचा हक्क आणि दुकानदाराची जबाबदारी एकाच वेळी खरी असतात. "तुम्ही कोण ठरवणार?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे: ही नखं माझ्या हातानं लागणार आहेत, म्हणून मी. गुगलवर दिसणारे संमतीचे फॉर्म मुलींकडून भरून घेऊन सुटता येईल, असा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याप्रमाणे अठराच्या आतल्या व्यक्तीला करार करता येत नाही. १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून असा करार मुळातच रद्द मानला जातो. तेरा वर्षांच्या मुलीची सही म्हणजे नुसती शाई. आणि आईची सही असली तरी निष्काळजी कामाची जबाबदारी तुमच्या अंगावरून उतरत नाही.

पुढच्या गल्लीचं काय? काही मुली तिथे जातीलच, तुमची धास्ती खोटी नाही. तिथे कदाचित एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) या रसायनाचं स्वस्त ॲक्रिलिक असेल. अमेरिकेत १९७० च्या दशकातच सरकारी यंत्रणेनं नखांसाठीच्या शुद्ध एमएमएविरुद्ध कारवाई केली होती. ते इतकं कडक होतं की धक्का लागला की वाकतच नाही, खालचं खरं नख सोबत उखडून येतं. नाकात जाणारा उग्र वास, फाइलला दाद न देणं, ॲसिटोनमध्ये भिजवूनही न सुटणं, ही त्याची ओळख. गिऱ्हाइकांनाही हे सांगा. पण एक करून बघा. पुढच्या गल्लीतल्या बाईंना तुम्ही कधी भेटलात का? मला जवळजवळ खात्री आहे की त्याही हेच म्हणत असतील, 'मी नाही म्हटलं तर नौपाड्याच्या ताई करतील.' गोखले रोड ते राम मारुती रोड या टापूतल्या चार-पाच जणी एका दुपारी चहाला बसलात आणि वयाची एकच अट सगळ्यांनी लावली, तर पुढची गल्ली उरतच नाही. दिवाळी संपल्यावरचे हे दिवस त्याला बरे, धंदा जरा थंड असतो.

रेघ कुठे ओढायची हे विचारलंत, म्हणून माझं मत सरळ सांगते. सोळाच्या आत नखं लांब करणारं एक्स्टेन्शन नाही, ॲक्रिलिक नाही, दिव्याखालचं जेल नाही. आई सोबत असली तरी नाही. सोळा ते अठरा या वयात पालक समोर बसलेले असावेत, लांबी बेताची, आणि काढायला कधी यायचं ती तारीख त्याच दिवशी वहीत लिहायची. बारावीची परीक्षा तोंडावर असेल तर नंतर बोलवा, तीन-तीन तास पेन धरायचं असतं. सोळा हा आकडा माझा आहे. त्या वयाची मुलगी दहावी पार केलेली असते, काम चालू असताना "दुखतंय, थांबा" म्हणू शकते, आणि नको झालं तर स्वतःच्या पायांनी परत येऊ शकते. तुम्हाला अठरा बरं वाटलं तर अठरा ठेवा. सोळाच्या खाली मात्र उतरू नका.

वय विचारू नका, इयत्ता विचारा. "तुझं वय काय?" याला मुली उत्तर तयार ठेवून येतात. "कितवीत आहेस? शाळा कुठली? यंदा गणिताला कोण आहे?" असं सहज, खुर्ची पुढे सरकवताना विचारलं की खरं उत्तर आपोआप बाहेर पडतं, मुलीला चौकशी झाल्यासारखंही वाटत नाही. व्हॉट्सॲपवर बुकिंग घेतानाच ही अट पाठवा, म्हणजे चार मैत्रिणींसमोर कुणाचा पाणउतारा होणार नाही.

आणि तुमच्या कामावरच्या मुलीला रागावला असाल तर जरा थांबा. तिला सेटमागे कमिशन मिळतं का? मिळत असेल तर सोळा म्हणणाऱ्या मुलीवर विश्वास ठेवणं तिच्या फायद्याचंच होतं. तुम्ही दुकानात नसताना नियम पाळायचा तिलाच आहे. लहान मुलीचं साधं काम केलं तरी तिच्या पदरी काहीतरी पडेल अशी सोय करा. कामावरच्या दोघींच्या हातांकडेही बघा. मोनोमर, म्हणजे ॲक्रिलिकचं ओलं द्रव, पातळ हातमोज्यांतून थोड्या मिनिटांत आरपार जातं. मोजे वेळच्या वेळी बदलायला हवेत, आणि दुकानात हवा खेळती हवी.

नुसतं "नाही" ऐकून परत जाणारी मुलगी खट्टू होते, आणि तिचं चुकत नाही. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर सगळं ठाणं नटून उतरतं, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून मुली फिरतात, आणि हात मोकळे ठेवायचे म्हणजे काय? बांगड्या, मेंदी, मंगळागौर, हात सजवायची हौस आपल्याकडे आजीपासून आहे. तिला बसवा. नखं नीट कापून आकार द्या, बदामाचं तेल चोळा, साधं नेलपॉलिश लावा आणि त्यावर ब्रशनं नक्षी काढा. गेरूच्या रंगावर पांढऱ्या टिंबांची वारली काढून बघा, ती तर आपल्याच भागातली कला. दहा नखांवर तारपा धरून फेर धरलेली माणसं उतरली तर ती मुलगी लांब नखं विसरेल, असं मी म्हणणार नाही. पण फोटो नक्की काढेल. (तो फोटो तुमच्या दुकानाच्या पेजवर टाकण्याआधी घरच्यांना विचारा, आणि मुलीचा चेहरा त्यात नसू द्या.)

नाचाच्या कार्यक्रमासाठी एका संध्याकाळपुरती लांब नखं हवीच असतील तर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्यांवरची प्रेस-ऑन, म्हणजे नुसती दाबून लावायची तयार नखं द्या. रात्री कोमट साबणपाण्यात हात बुडवून, कडेनं तेल सोडून ती सुटतात. नखांचा ग्लू लहान मुलींच्या हाती देऊ नका. सुती कपड्यावर तो सांडला तर कापड क्षणात इतकं तापतं की खालची कातडी भाजते.

दोन प्रसंगी तुमची पंचाईत होईल. एक म्हणजे नखं कुरतडणारी मुलगी. "एक्स्टेन्शन लावलं की सवय सुटेल" म्हणत आया येतात. कुरतडलेल्या, सोललेल्या कातडीवर रसायन लावणं हे सगळ्यात वाईट, तिथे स्पष्ट नाही म्हणा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा. दुसरी, जिचं नख दारात चेमटून किंवा भाजून वेडंवाकडं आलंय आणि जी वर्गात सतत मूठ मिटून बसते. तिला नियमाची पाटी दाखवू नका. तिला बसवून घ्या, ऐका, डॉक्टरांचा सल्ला घेऊन एका बोटापुरतं काय करता येईल ते बघा. अशा मुलीसाठी मी माझी सोळाची रेघ बाजूला ठेवेन.

हे वाचणाऱ्या आयांशीही थोडं बोलते. मुलीनं आधीच नखं लावली असतील तर ओरडण्याआधी "काढायला मी येते तुझ्याबरोबर" एवढं म्हणा. ओरडा खाल्लेली मुलगी ती लपूनछपून, दातांनी काढते. नखाभोवती खाज, बोटांवर बारीक फोड, पापणीवर पुरळ, नखाखाली हिरवट डाग, यातलं काही दिसलं तर वरून पुन्हा रंग न लावता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कळव्याच्या महापालिका रुग्णालयातही त्वचेची ओपीडी आहे. आणि आपल्या घरी पोळीचा घास हातानंच मोडतात, हेही लक्षात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या सूचनांनुसार रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावायची नाहीत, कारण हात धुतले तरी त्यांच्याखाली जंतू राहतात.

ताई, आता तुमचं पहिलं काम. त्या तेरा वर्षांच्या मुलीच्या बोटांवर तुमच्या दुकानातला सेट बहुधा अजून आहे. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले, म्हणजे कडेनं सुटायला लागला असेल, आतमध्ये पाणी शिरत असेल. तिच्या आईनं तुम्हाला चारचौघांत बोल लावले, ते झोंबणं साहजिक आहे. तरी फोन तुम्ही करा. "ताई, तुमचं बरोबर होतं, आमच्याकडून चूक झाली. तिला घेऊन या, मी स्वतः काढून देते, पैसे नाही घेणार," एवढंच बोला. १,५०० रुपये परत द्या. शनिवारी सकाळी दुकान उघडता उघडता बोलवा, तेव्हा गर्दी नसते. ॲसिटोनमध्ये पुरेसा वेळ भिजू द्या, ड्रिल लावू नका, सुटेल तेवढंच काढा. मग तेल लावताना तिला हळूच विचारा की तिला नेमकं काय करून हवं होतं. जमलं तर तेवढ्यात तिच्या एका नखावर काहीतरी छोटंसं काढून द्या.